बागेतले दहा शनिवार

मार्गशीर्ष लागला की आमच्याकडे सकाळ उशिरा उघडते. पेठच्या बाजूनं येणाऱ्या गाड्या आठ वाजले तरी दिवे लावूनच असतात. उसाच्या ट्रॉल्या धुक्यातून आधी ऐकू येतात, मग दिसतात. कळंबच्या थांब्यावर आम्ही सात-आठ जण कंपनीच्या बसची वाट बघत उभे असतो, हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतलेले. पलीकडे कुणीतरी पाचट पेटवून शेकत असतं. त्या धुराचा वास एकदा स्वेटरला लागला की संक्रांतीपर्यंत जात नाही. लोकांना हे दिवस फार आवडतात. हुरडा, गरम भाकरी, उन्हात पाठ शेकत बसणं. मलाही आवडायचे.

गेल्या आठवड्यात कंपनीच्या ग्रुपवर मेसेज आला. यंदाही श्रमदान आहे, नवीन गाव, नवीन बाग. शनिवारी सकाळी साडेसहाला निघायचं, टी-शर्टचा साईज कळवावा. खाली लगेच अंगठ्यांची रांग लागली. आमच्या सेक्शनमधल्या नव्या मुलीनं जेवताना विचारलं, "मॅडम, तुम्ही नाव नाही दिलं? तुम्हाला तर अनुभव आहे म्हणे."

"गुडघे दुखतात गं," मी म्हटलं.

माझे गुडघे ठणठणीत आहेत.

अनुभव आहे, हे मात्र खरं. करोना सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या कंपनीत फळांचा आणि भाज्यांचा माल पॅक होऊन बाहेर जातो. मी ऑफिसला असते. पत्रं, नोटिसा, वार्षिक अहवाल असं सगळं लिहिते. माझं मराठी चांगलं आहे असं सगळे म्हणतात आणि ते ऐकायला मला आवडतं, हे इथेच सांगून टाकते. त्या वर्षी आमच्या मोठ्या साहेबांनी ठरवलं की कंपनीनं एक सार्वजनिक बाग दत्तक घ्यायची. पैसे देऊन मोकळं व्हायचं नाही, सगळ्या स्टाफनं स्वतः राबायचं. ऑफिसपासून पॅकिंगपर्यंत सगळे एका ओळीत. दहा शनिवार. हायवेपासून थोडं आत असलेल्या एका गावातली बाग निवडली. गावाचं नाव लिहीत नाही. त्या गावानं माझं काही वाकडं केलेलं नाही.

पहिल्या शनिवारी बस बागेशी थांबली तेव्हा समोरचं काही दिसत नव्हतं. फाटकाच्या आत धुकं साचून राहिलं होतं, हौदात पाणी साचावं तसं. आतून खराट्याचा आवाज येत होता. खर्र, खर्र, एका लयीत. मग त्या आवाजाच्या मागून एक बाई आली. पन्नाशी ओलांडलेली, काटकुळी, डोक्याला मफलर, लुगड्याचा ओचा खोचलेला. एवढी माणसं बघून ती दचकली नाही. हसली.

"आलात व्हय? लई बरं झालं. माज्या एकटीनं न्हाई व्हत आता."

ती इंदूबाई. तिचा नवरा या बागेवर वॉचमन होता. तो गेल्यावर, बाग ज्यांच्या ताब्यात होती त्या गावच्या कार्यालयानं तिला रोजंदारीवर ठेवलं, त्याला अकरा वर्षं झाली होती. वॉचमन, माळी, झाडूवाली, सगळं तीच. बाग काही फार मोठी नव्हती आणि चांगलीही नव्हती. सी-सॉ मोडलेला, हौद कोरडा, बाकांच्या फळ्या गेलेल्या. पण जास्वंद होती, कण्हेर होती, एक मोठा बेल होता, आणि जमीन अंगणासारखी स्वच्छ होती. पाहुणे येणार म्हणून इंदूबाईनं पहाटे उठून सगळी झाडून काढली होती. पालापाचोळ्याचा आणि प्लॅस्टिकचा एक मोठा ढीग कोपऱ्यात लावून ठेवला होता.

आमच्याबरोबर फोटोग्राफर आला होता. त्याला कामाच्या आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही फोटो हवे होते. त्यानं बाग इकडून बघितली, तिकडून बघितली आणि म्हणाला, "सर, हे तर क्लीन आहे. आधीचा फोटो कशाचा काढू?"

साहेबांनी क्षणभर विचार केला. मग पॅकिंगच्या दोघांना सांगितलं, तो ढीग जरा पसरा.

त्यांनी पसरला. जास्वंदीच्या बुडाशी, पायवाटेवर, बाकांखाली. फोटोग्राफर म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय." इंदूबाई खराटा हातात घेऊन बाजूला झाली. आम्ही सगळे बघत होतो. फोटो झाल्यावर तीच म्हणाली, "झालं का? मंग मी झाडते परत." तिला वाटलं, फोटोचं काहीतरी तंत्र असेल.

स्टोअरचे सलीमभाई माझ्या शेजारी उभे होते. ते पुढे गेले, तिच्या हातून खराटा घेतला आणि म्हणाले, "मौसी, तुमी बसा. हे आमचं काम हाय." त्यांनी एकट्यानं सगळं झाडलं. मी टी-शर्टची घडी मोडली नव्हती अजून.

सलीमभाई जुन्नरचे. त्यांचे वडील कल्हईवाले, गावोगाव भाता घेऊन फिरायचे. सलीमभाईंच्या हातात मात्र झाडांचं वेड. जुन्नरच्या घराच्या गच्चीवर त्यांनी गुलाब लावले होते आणि स्टोअरच्या खिडकीतसुद्धा ग्रीसच्या डब्यात एक रोप असायचं. बागेत आले की ते आणि इंदूबाई अशी काही बोलत बसायची की जणू एका घरातली. ते गावठी गुलाबावर डोळा भरायचे, म्हणजे साल चिरून त्यात चांगल्या गुलाबाचा कोंब बसवायचे आणि पट्टीनं बांधायचे. ती पट्टी धरायची. "राव, लई घट्ट नगा आवळू," ती म्हणायची, "त्येला श्वास घ्यायचाय."

मला खोटं लिहायचं नाही, ते शनिवार सुंदर होते. ही गोष्ट कडू आहे म्हणून त्यातलं गोड नाकारण्यात अर्थ नाही. उलट ते गोड होतं म्हणूनच कडू जास्त लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारपर्यंत सगळ्यांच्या तळहातांना फोड आले होते आणि बसमध्ये एकमेकांचे हात बघायचा कार्यक्रम चालायचा. पॅकिंगच्या बायका, ज्यांच्याशी मी इतकी वर्षं फक्त रजेच्या अर्जापुरती बोलले होते, त्या माझ्या भाकरीवर पिठलं वाढायच्या. सी-सॉ दुरुस्त झाला तेव्हा पहिल्यांदा त्यावर आमच्याच दोन सुपरवायझर बसल्या आणि त्यातली एक घाबरून ओरडायला लागली. नऊच्या सुमाराला धुकं उठायचं. ओल्या मातीवर ऊन पडून वाफ निघायची. पाठीत कळ असायची आणि डोक्यात काहीच नसायचं. ऑफिसात मला तशी शांतता कधी मिळाली नाही.

आणि शिकवायची ती. मी एका नव्या रोपाला झारीनं पाणी घालत होते तर इंदूबाईनं माझा हात धरून बाजूला नेला. "बुडाशी नगा वतू ताई. थोडं लांब वता. मुळीचं त्वांड बुडाशी असतंय व्हय? ते लांब असतंय." कुंपणाला लागून आम्ही तगरीची रांग लावली. खड्डे कुठे घ्यायचे, खाली पाईप कुठे आहे, कुठल्या कोपऱ्यात पाणी तुंबतं, हे सगळं तिला पाठ होतं. एकदा मी विचारलं, तुम्हाला सुट्टी कधी असते? ती म्हणाली, "झाडाला असती का?"

पाचव्या शनिवारनंतर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सगळ्याचा एक अहवाल करायचा होता. मुंबईच्या ऑफिसला जाणार, त्या गावच्या कार्यालयालाही प्रत द्यायची. "तुमच्या भाषेत लिहा," साहेब म्हणाले, "वाचणाऱ्याला फरक जाणवला पाहिजे. आधी काय होतं आणि आपण काय केलं."

मी दोन दिवस लावून लिहिला. पहिलंच वाक्य मला अजून तोंडपाठ आहे. 'गेली अनेक वर्षे कोणतीही देखभाल नसल्याने ओसाड पडलेल्या या उद्यानात सहकाऱ्यांच्या श्रमांतून पुन्हा जीव आला.' ते लिहून झाल्यावर मी स्वतःशीच दोनदा वाचलं. जीव आला, हे मला फार बरं जमलंय असं वाटलं.

सलीमभाई स्टोअरची यादी द्यायला आले होते. त्यांनी माझ्या स्क्रीनवर वाचलं. सावकाश, बोट न लावता.

"ताई, यात इंदूमौसी कुटं हाय?"

"अहो, हा कंपनीचा रिपोर्ट आहे सलीमभाई. त्यांचं कसं येईल?"

"नका आणू. पण कोन बघतच नव्हतं असं कशाला?"

"रिपोर्टची एक भाषा असते," मी म्हटलं.

ते यादी टेबलावर ठेवून गेले. मला त्यांचा राग आला होता, हे कबूल करते. एवढ्या चांगल्या वाक्यात खोट काढली म्हणून.

माघात कार्यक्रम झाला. फीत, नारळ, फाटकाशी काळ्या दगडावर कंपनीचं नाव. साहेबांना शाल दिली, साहेबांनी त्या कार्यालयातल्या लोकांना शाली दिल्या. इंदूबाई नवीन लुगडं नेसून आली होती आणि खुर्च्यांच्या मागच्या रांगेच्या मागे उभी होती. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. यादीत तिचं नाव नव्हतं, आणि यादी मी केली नव्हती. तरी माईक माझ्या हातात होता. कार्यक्रम संपल्यावर पेढ्यांची पुडकी वाटली तेव्हा तिनं दोन मागितली, एक लेकीसाठी. तिची लेक आळे गावाच्या बाजूला दिलेली होती.

त्यानंतर शनिवार संपले. आम्ही आपापल्या टेबलांवर परतलो. सलीमभाई मात्र सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल काढून तिकडे जायचे, आपले गुलाब लागले का बघायला. एका सोमवारी ते सरळ माझ्यासमोर येऊन बसले.

"मौसीला काढली."

मला आधी कळलंच नाही.

"कालपासून फाटकाबाहेर बसलीय. म्हनं आता कंपनीची मानसं बघतात, बाईची गरज काय? तिला कागद दाखवला. त्यात लिवलंय, कोन बघतच नव्हतं. मग अकरा वर्षं हिला ठेवली कशाला, असं वरून इचारलं म्हनं." ते थांबले. "ताई, तो तुमचा कागद हाय."

त्या दिवशी साहेबांकडे आम्ही दोघं गेलो. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला, हळहळले. मग म्हणाले, "तो त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे. तुम्हाला पत्र द्यायचं तर द्या, पण वैयक्तिक. कंपनीच्या कागदावर नको. आणि आपला अहवाल खोटा पडेल असं काही त्यात येऊ देऊ नका, एवढं बघा."

मी तेवढं बघितलं. एक पत्र लिहिलं. 'सदर उद्यानाच्या देखभालीत श्रीमती इंदूबाई यांचाही काही प्रमाणात सहभाग होता, तरी त्यांच्या कामाचा सहानुभूतीने विचार व्हावा.' काही प्रमाणात. अकरा वर्षांना मी हे माप लावलं. सलीमभाईंनी वाचलं आणि सही केली. मीही सही केली. दोघांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गेलो.

कार्यालयात इंदूबाई आमच्या आधी येऊन बाकावर बसली होती. मला बघून उठली. "ताई आल्या," ती शेजारच्या बाईला म्हणाली, "यांनी बघितलंय मला काम करताना." तिनं माझ्या हाताला हात लावला. हात गरम होता, आणि मला तो काढून घ्यावासा वाटला.

तिथल्या क्लार्कनं पत्र वाचलं. मग कपाटातून फाईल काढली, आमचा अहवाल काढला, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. माणूस सज्जन होता. त्याला मदत करायची होती, असं मला आज वाटतं. तो म्हणाला, "मॅडम, इथं लिहिलंय देखभाल नव्हती. इथं लिहिलंय काही प्रमाणात होती. मला एक काहीतरी सांगा. हे आधीचं चुकीचं आहे का? तुम्ही तसं लिहून दिलंत तर मी वर पाठवतो. बघू काय होतं ते."

खोलीत पंखा नव्हता, थंडीच होती. इंदूबाई माझ्याकडे बघत होती. सलीमभाई भिंतीकडे बघत होते.

फक्त 'हो' म्हणायचं होतं. आधीचं चुकीचं आहे, ते मी लिहिलं आणि ते खोटं आहे. दोन ओळी आणि खाली सही. मला कुणी कामावरून काढलं नसतं. काढलं असतं का? मी हा हिशोब पुष्कळदा मांडला आहे आणि प्रत्येक वेळी उत्तर येतं की नसतं. फार तर साहेब नाराज झाले असते. फार तर पुढचा अहवाल दुसऱ्या कुणाला दिला असता. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस गप्प बसू शकतो, हे स्वतःबद्दल कळणं फार घाण असतं.

"चुकीचं असं नाही," मी म्हटलं, आणि टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. "म्हणजे… ती एक लिहायची पद्धत असते."

क्लार्कनं फाईल बंद केली. "मग अवघड आहे," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर इंदूबाईनं विचारलं, "काय म्हनला ओ तो? न्हाई समजलं मला." सलीमभाई म्हणाले, "नाय व्हनार मौसी." मी रस्त्यापलीकडच्या दुकानात जाऊन पाण्याची बाटली घेतली. तहान नव्हती.

मार्च संपला आणि कंपनीचं वर्ष संपलं. नव्या वर्षात दुसरा उपक्रम आला. बागेचं काय, असं कुणी विचारलं नाही. त्या गावच्या कार्यालयाला वाटत होतं कंपनी बघते आणि कंपनीला वाटत होतं दत्तक म्हणजे दगडावर नाव. चैत्रात रोपं माना टाकायला लागली. फाटकाला कुलूप होतं. सलीमभाई सांगायचे, इंदूबाई संध्याकाळी घागर घेऊन येते आणि कुंपणाच्या जाळीतून हात घालून पाणी ओतते, जेवढं पोचतं तेवढं. मे महिन्यात मी एकदा बसमधून उतरून मुद्दाम बघायला गेले. आतलं सगळं वाळून कोळ झालं होतं. सलीमभाईंचे गुलाब काड्या होऊन उभे होते, पट्ट्या अजून बांधलेल्या. कुंपणाजवळची तगरीची रांग तेवढी हिरवी होती. पांढरी फुलं होती तिच्यावर. मी तिथे फार वेळ थांबले नाही.

अहवालाला मुंबईच्या ऑफिसनं बक्षीस दिलं. माझ्या टेबलामागे त्याचं सर्टिफिकेट होतं. रंगकाम निघालं तेव्हा मी ते काढलं, पुन्हा लावलं नाही. सलीमभाईंनी पुढच्या वर्षी नोकरी सोडली आणि जुन्नरला हार्डवेअरचं दुकान टाकलं. आमच्यात भांडण असं झालंच नाही. आधी दर ईदला त्यांच्या घरून शीरखुर्म्याचा डबा यायचा, माझी मुलं वाट बघायची. तो यायचा बंद झाला. मुलांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, लांब राहायला गेलेत. ते आधीही जुन्नरलाच राहत होते.

या रविवारी मी माहेरी गेले होते, पिंपरी पेंढारला. भावाच्या रानात कांद्याची लागण चालली होती. टेम्पोतून बारा-पंधरा बायका आल्या होत्या. वहिनीनं त्यांच्यासाठी चहा केला, किटली माझ्याकडे दिली. वाफ्यात ओणवून बायका झपझप रोपं खोचत होत्या, तोंडानं गप्पा चालू. कुणाच्या तरी सुनेचा विषय होता आणि हसणं ऐकू येत होतं. मी कप भरत पुढे पुढे गेले. चौथ्या की पाचव्या कपाला एक हात पुढे आला आणि मी वर बघितलं.

इंदूबाई. आणखी वाळलेली. मफलर तोच का, कोण जाणे. आता लेकीकडे राहते, हे मला नंतर वहिनीकडून कळलं.

"बऱ्या हायसा ना?" ती म्हणाली, कुणालाही म्हणावं तसं.

मी किटली बांधावर ठेवली. इतकी वर्षं जे ओठांवर आणून गिळलं होतं ते एकदम बाहेर आलं. "इंदूबाई, तो कागद मी लिहिला होता. कोण बघत नव्हतं म्हणून. ते मी लिहिलं होतं."

तिनं चहाचा घोट घेतला. तिला गरम लागला असावा. तिनं फुंकर घातली.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "सलीमभाऊ न्हाई बोलला. त्या हापिसातल्यानं भायेर यून सांगितलं, तुमी पानी घ्यायला गेलावता तवा. म्हनला, यांनीच लिवलंय. मी म्हनलं, असंल. आता सांगतील, मंग सांगतील." तिनं आणखी एक घोट घेतला. "लई दिस वाट बघितली तुमची."

"माझं चुकलं," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. रागानं नाही. एखाद्या रोपाकडे बघावं तसं, हे लागेल का नाही असं.

"आता कुनाचं वझं उतरवताय बाई?" ती म्हणाली. "माजं का तुमचं?"

रिकामा कप तिनं माझ्या हातात दिला आणि ओणवी होऊन पुढचं रोप खोचलं. मग त्याच्यापुढचं. मी उरलेल्या बायकांना चहा दिला, किटली उचलली आणि बांधावरून खाली उतरले. दहा-वीस पावलं गेले असेन, तेव्हा पाठीमागे बायकांचं बोलणं पुन्हा सुरू झालं. मी तिथे उभी होते तोवर सगळ्या गप्प होत्या, हे मला तेव्हा कळलं.